काठीला सांगा

"सायेब, त्यांना सांगा, आमच्या बांधाला होडी टेकवायची नाय."

हे वाक्य हसूराम पाटलांनी मला ऐकवलं. ज्यांना सांगायचं होतं ते लडकू नाखवा माझ्या डाव्या हाताला उभे होते, एका छत्रीत आम्ही तिघं मावलो असतो इतके जवळ. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. तरी ते माझ्याकडेच बघत राहिले. मी मान वळवून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांनी ते आत्ताच कानावर पडल्यासारखा चेहरा केला.

"त्यांना सांगा, बांध सरकारचा हाय."

मी मान परत उजवीकडे वळवली. सकाळपासून हाच खेळ चालू होता. समोर बांधाला पडलेल्या भगदाडातून ओहोटीचं पाणी धावत होतं आणि जाता जाता दोन्ही कडांची माती चाटून नेत होतं. कडेचं एखादं ढेकूळ सुटून पाण्यात पडलं की मी घड्याळ बघायचो. या दोघांना मात्र घाई नव्हती. त्यांना एकमेकांशी बोलायचं नव्हतं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

मी तेव्हा पनवेलच्या ऑफिसात ओव्हरसिअर होतो. साहेबाने कागदावर मारलेली रेघ उन्हात उभं राहून जमिनीवर उतरवायची, हे ओव्हरसिअरचं काम. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी साताऱ्याकडचा, समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर. स्वभावाने उतावळा. माझी बायको म्हणायची, यांना पाटावर बसवलं की पाटच उठून चालायला लागतो. अशा माणसाला खात्याने खारबंधाऱ्याच्या कामावर टाकलं होतं, जिथे निम्मं काम पाण्याची वाट बघण्याचं असतं.

पनवेल-उरणच्या पट्ट्यात समुद्राचं पाणी खाड्यांमधून पार शेतांपर्यंत येतं. ते अडवायला मातीचे लांबलचक बांध घातलेले असतात. बांधाच्या आत भात, बाहेर खाडी. पावसाचं पाणी बाहेर जायला बांधात एक दगडी तोंड ठेवतात, त्याला म्हणतात उघाडी. उघाडीच्या तोंडावर वरून टांगलेली जाड लाकडी झडप असते. भरती आली की समुद्र तिला ढकलून बंद करतो, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून उघडतं. साधी, शहाणी वस्तू आहे. तिला माणसाने हात लावला नाही तर ती वर्षानुवर्षं आपलं काम करते.

इथे दोन गावांनी हात लावला होता, आणि हस्ताच्या पावसात बांध फुटला होता. फुटलेल्या जागेला तिकडे खांड म्हणतात. त्या खांडीतून खारं पाणी आत शिरलं आणि शेलखार गावाचं पिकायला आलेलं भात उभ्याउभ्या गेलं. त्यानंतर प्रत्येक अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला खांड रुंदावत होती. अष्टमीच्या सुमारास समुद्र मंदावतो, त्या दिवसांना भांग म्हणतात. बुजवायची तर भांगातच. कार्तिकातली अष्टमी तोंडावर आली होती. ती हुकली की पौर्णिमेचं उधाण खांडीची खाडीच करणार होतं, आणि शेलखारची जमीन पुढची किती वर्षं मीठ खात बसणार होती हे कुणी सांगू शकत नव्हतं.

शेलखार हे आगरी शेतकऱ्यांचं गाव. हसूराम पाटील तिथल्या गावकीतले मुख्य पंच. बांधाच्या बाहेर, खाडीच्या टोकाला बंदरपाडा, कोळ्यांची वस्ती. लडकू नाखवा तिथले मोठे. नाखवा म्हणजे होडीचा मालक. शेलखारवाले ठामपणे म्हणत होते, बांध बंदरपाड्याने कापला. नाव घेऊन म्हणत होते, लडकू नाखव्याच्या महादेवने कापला. फुटला त्या सकाळी महादेव बांधावर दिसला होता. महादेवचं लग्न नुकतंच झालेलं. बांध कापला असं सरकारी माणसाने लिहून दिलं असतं तर फौजदार त्याला घेऊन गेले असते, हे त्याच्या बापाला माहीत होतं आणि मलाही.

पनवेलच्या ऑफिसात साहेबांनी मला उभ्यानेच विचारलं होतं.

"जाधव, कापला की फुटला?"

"बघतो साहेब."

"त्यात बघायचं काय? कापला असेल तर फौजदारांकडे द्या. फुटला असेल तर एस्टिमेट द्या. मधलं काही असतं का?"

मधलंच सगळं होतं, ते मला तिथे गेल्यावर कळलं.

पहिल्या ओहोटीला मी चिखल तुडवत खांडीत उतरलो. बांधाला खाडीच्या बाजूने दगडांचं अस्तर असतं. बाहेरून कुणी बांध कापला असता तर ते दगड आधी उपसून बाजूला रचावे लागले असते. इथे दगड लांब खाडीत उडून पडले होते. म्हणजे जोर आतून आला होता. मग शेजारच्या उघाडीकडे गेलो. झडपेच्या कडीवर सगळीकडे गंज होता आणि एकाच जागी लोखंड घासून पांढरं झालं होतं. तिथे साखळी बांधलेली असणार. चौकटीच्या आतल्या अंगाला लाकूड चेपून गेलेलं होतं. तिथे कुणीतरी ओंडका अडकवत असणार. मला एवढं पुरलं.

कोळ्यांनी झडपेत ओंडका घालून ती अर्धी उघडी ठेवायला सुरुवात केली होती. भरतीबरोबर मासळी आतल्या नाल्यात येते, ओहोटीला तोंडावर जाळं लावलं की घरबसल्या टोपली भरते. पण मासळीबरोबर खारं पाणीही येतं. शेलखारचा राब जळला, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं गेली. त्यावरून उघाडीवर मारामारी झाली, डोकी फुटली. मग गावकी बसली आणि ठराव झाला की बंदरपाड्याच्या माणसाशी बोलायचं नाही, त्याची मासळी घ्यायची नाही, त्याला तांदूळ द्यायचा नाही. बोलेल त्याला दंड. बंदरपाड्याने चार दिवसांत तसाच ठराव उलटा केला. कोळणी पाट्या डोक्यावर घेऊन शेलखारला वळसा घालून पनवेलच्या बाजारात जायला लागल्या. शेलखारची पोरं सुक्या मासळीवाचून भात खायला लागली. आणि कुणीतरी झडपेला साखळी घालून कुलूप लावलं.

कुलूप लावलेल्या झडपेमागे हस्ताचा पाऊस साठत गेला. पुढचं सांगायला नको.

विचारलं तर शेलखार म्हणे, साखळी? कसली साखळी? आमी नाय पायली. बंदरपाडा म्हणे, ओंडका? आमच्याकडं ओंडके होड्यांना असतात, झडपेला नाय. मला दोन्ही दिसलं होतं. पण मी ते बोललो नाही, आणि त्याला कारण होतं. मी नुसतं लिहून दिलं असतं की बांध आतून फुटला, तर महादेव सुटला असता, पण खांड बुजली नसती. त्या चिखलात बैलगाडी चालत नाही. माती शेलखारच्या रानातली लागणार होती आणि ती खांडीच्या तोंडात नेऊन टाकायला बंदरपाड्याच्या होड्या लागणार होत्या. होड्या धरायला धारेची नस ओळखणारी माणसं लागणार होती. एक गाव खोटं ठरलं असतं तर दुसरं गाव हातावर हात ठेवून बसलं असतं.

मी साहेबांना हे सांगितलं. साहेब म्हणाले, बाहेरून कंत्राटदार आणा, पनवेल बंदरातल्या होड्या आणा, बरोबर पोलीस पार्टी देतो.

"बांध बुजेल साहेब," मी म्हटलं. "टिकणार नाही."

"का?"

"पोलीस परत आले की यातलं कुणीतरी एक झडपेला पुन्हा हात लावेल."

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "हा भांग तुमचा. तो गेला की मी पोलीस पाठवणार. आणि कारण काय लिहायचं तेही मला तेव्हाच पाहिजे."

तिथून माझी पायपीट सुरू झाली. सकाळी शेलखार, दुपारी बंदरपाडा, संध्याकाळी पुन्हा शेलखार. निरोप पोचवायचे. निरोप पोचवणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. हसूराम पाटील एकदा बऱ्या मनाने म्हणाले, त्यांनी होड्या आणाव्यात, आमची हरकत नाय. मी हे जसंच्या तसं बंदरपाड्याला सांगितलं. तिथला एक म्हातारा म्हणाला, हरकत घेनारे ते कोन? झालं, दिवस फुकट गेला. बंदरपाड्यात मला तळलेले बोंबील वाढले तर शेलखारला कुणीतरी ऐकू जाईल असं पुटपुटलं की सायबाच्या अंगाला कुठला वास येतोय. शेलखारला तांदळाची भाकरी खाल्ली तर बंदरपाड्यात कळलेलं असायचं. शेवटी मी दोन्हीकडे पाणी पिऊन राहायला लागलो. झोप लागेना. डोळे मिटले की ढेकळं पाण्यात पडल्याचा आवाज यायचा.

त्यात शेलखारची तरणी मंडळी उघड बोलायला लागली की भांगात खांड बुजली नाही तर बंदरपाड्याच्या होड्याही उरणार नाहीत. कुऱ्हाडी लाकूड तोडायला असतात, असं एकाने मला समजावून सांगितलं. मी त्याच्याकडे बघितलं तर तो हसला. मला हसू आलं नाही.

मग लेव्हल घ्यायचा दिवस आला. बांध किती उंच करायचा हे ठरवायला आधी जमिनीची उंची मोजावी लागते. त्यासाठी लेव्हल नावाची दुर्बीण तिवईवर लावायची आणि लांब एका माणसाने आकडे रंगवलेली उंच काठी उभी धरायची. त्या काठीला आम्ही स्टाफ म्हणतो आणि ती धरणाऱ्याला खलाशी म्हणतो, मग त्याने जन्मात जहाज पाहिलेलं नसो. दुर्बिणीतून काठीवरचा आकडा वाचायचा की उंची कळते. काठी धरणाऱ्याचं काम एकच. सरळ धरायची, हलायचं नाही, आणि साहेबाने हात खाली केल्याशिवाय सोडायची नाही.

माझा खलाशी गोविंद तापाने पनवेलला अंथरुणात पडलेला. ओहोटी लागली होती, खांडीच्या मधोमध कठीण मातीचा एक उंचवटा उघडा पडला होता. तिथलाच आकडा मला हवा होता आणि पाणी परत येईपर्यंतच तो मिळणार होता. मी ओरडून सांगितलं, कुणीतरी काठी धरा.

शेलखारचा एक जण पुढे झाला. लगेच बंदरपाड्यातून आवाज आला, सायेब, तो काठी उचलून धरंल. बंदरपाड्याचा पुढे झाला तर शेलखारवाले म्हणाले, तो दाबून धरंल. यात तथ्य होतं. काठी वर-खाली झाली की आकडा बदलतो आणि त्यावरून बांधाची उंची बदलते. शेलखारला बांध उंच हवा होता. बंदरपाड्याला बुटका, कारण होड्या त्याच्यावरून ओढायच्या असत. वाद सुरू झाला आणि मी घड्याळ बघत जागच्या जागी येरझाऱ्या घालत होतो. शेवटी माझा तोल सुटला.

"पाटील, तुम्ही इकडून धरा. नाखवा, तुम्ही तिकडून. दोघांनी धरली की कुणाला उचलता येणार नाही आणि दाबता येणार नाही. बाकी सगळे मागे व्हा, कडेची माती कच्ची आहे."

मी हे शहाणपणाने केलं असं आज म्हणू शकलो असतो. तसं काही नव्हतं, मी फक्त वैतागलो होतो.

दोन म्हातारे दोन बाजूंनी गुडघाभर पाण्यातून आले आणि त्या उंचवट्यावर समोरासमोर उभे राहिले. मध्ये काठी. चार हात तिच्यावर. मी चिखलातून धडपडत बांधाच्या वळणावर गेलो, तिथे माझी तिवई लावलेली होती, आणि दुर्बिणीला डोळा लावला.

आता एक सांगायला हवं. त्या काळच्या लेव्हलच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. आकाश खाली, जमीन वर, माणसं डोक्यावर उभी. सवयीने आम्ही आकडे तसेच वाचायचो. मला आकडा मिळाला, मी टिपून घेतला. आता हात खाली करायचा, की काम संपलं. मी हात खाली आणणार तेवढ्यात मला लडकू नाखव्यांचे ओठ हलताना दिसले.

ते हसूराम पाटलांकडे बघत नव्हते. काठीकडे बघत होते. काठीशी बोलत होते.

मग पाटलांचे ओठ हलले. तेही काठीशीच.

ठरावात माणसाशी बोलायची बंदी होती. काठीबद्दल कुणी काही ठरवलेलं नव्हतं. इतके दिवस मला जे सांगत होते तेच आता तिला सांगत असणार. फरक इतकाच होता की काठी मान वळवत नव्हती, आणि काही परत म्हणूनही दाखवत नव्हती.

मी हात वरच ठेवला. वर हात म्हणजे, थांबा, आकडा मिळायचाय. मला काही मिळायचं राहिलेलं नव्हतं. मी दुर्बिणीचं चाक उगाच फिरवत राहिलो. माझ्यासारख्या माणसाला एका जागी एक हात वर करून उभं राहणं ही शिक्षा होती. पाय शिवशिवत होते. ऐकू काहीच येत नव्हतं, वारा उलटा होता. दोघांपैकी कुणाचा आवाज चढलाय का हे कळायला मार्ग नव्हता. चेहऱ्यावरून ओळखावं तर तेही जमेना. उलट्या माणसाचा राग ओळखता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हसणारं तोंड आणि दात खाणारं तोंड उलटं केल्यावर सारखंच दिसतं. एकदा काठी जोरात हलली. गेलं, आता एकमेकांच्या अंगावर जातात, असं वाटून मी एक पाऊल पुढे टाकलं. धावत जावं तर दोघंही गप्प होतील. न जावं तर इथे उभं राहून डोकी फुटताना बघावी लागतील, आणि तीही उलटी. मागे दोन्ही गावांची माणसं बांधावर दाटीने उभी होती आणि कुणीतरी शिव्या द्यायला सुरुवात केली होती.

काठी स्थिर झाली. पाटलांनी एक हात काढून कमरेशी नेला. मला कोयता आठवला. पण त्यांनी करगोट्यात अडकवलेली एक किल्ली सोडवली आणि काठीचे तुकडे जोडणाऱ्या पितळी खटक्याला लटकवली. दुर्बिणीत ती किल्ली वरच्या बाजूला लोंबत होती. झडपेच्या कुलपाचीच असणार ती.

मग माझं लक्ष पाण्याकडे गेलं. भरती लागली होती. त्यांच्या पायाखालचा उंचवटा दिसेनासा झाला होता. मी हात खाली केला. दोघांनीही काठी सोडली नाही. पुन्हा हात खाली केला, ओरडलो. तरी नाही. मग मात्र मी धावलो. घसरलो, पडलो, टोपी गेली, ती आजवर सापडली नाही. धापा टाकत मी त्यांच्या पाठीशी पोचलो तेव्हा नाखवा बोलत होते. त्यांचा आवाज अगदी हलका होता.

"काठे, त्याला सांग. त्या दिशी मी होडीवर होतो. ओहोटी असून झडप उघडत नव्हती. पानी बांधाच्या डोक्याला टेकलेलं मी बघितलं. पोराला बांधावर धाडला, जा बघून ये म्हनून. तो परत आला, म्हनला, फुटनार. हाक मारली असती तर शेलखारला ऐकू गेली असती. नाय मारली. बोलायची बंदी होती."

हसूराम पाटील काठीच्या आकड्यांकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"काठे, त्याला सांग," ते म्हणाले, "हाक मारली असती तरी मी ओ दिली नसती."

मला तिथे उभं राहवेना. मी या माणसांवर इतके दिवस चिडलो होतो. एका गावाचं वर्षाचं अन्न गेलं होतं, आणि ते एका हाकेने वाचलं असतं. ती हाक आली नाही आणि आली असती तरी उपयोग नव्हता. मला रडू आलं. पाणी मांडीला लागलं होतं, त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग दोघांनी एकदमच माझ्याकडे तोंड केलं आणि एकदमच विचारलं, "सायेब, भांगाला माती कुठून टाकायला घ्यायची?"

त्यानंतरचं काम म्हणजे नुसती धावपळ. अष्टमीच्या पहाटेपासून शेलखारची बाया-माणसं मातीच्या पाट्या भरत होती, बंदरपाड्याच्या होड्या ती माती खांडीत नेऊन रिकामी करत होत्या. पहिल्या ओहोटीला टाकलेलं निम्मं धारेने ओढून नेलं. माझा धीर सुटला. तेव्हा लडकू नाखव्यांनी त्यांची जुनी होडी आणली. ती दगडांनी भरून धारेच्या ऐन तोंडात बुडवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. बुडवण्याआधी त्यांच्या बायकोने होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पदर तोंडाला लावून पाठ फिरवली. होडी बसली. धार तिच्यावर आपटून दोन्हीकडे वळली आणि मंदावली. त्या होडीवर माती ठरली. महादेव सगळ्यात पुढे होता, गळ्यापर्यंत चिखलात. आणि त्याच्या हातात दगड देणारा शेलखारचा तोच होता, ज्याने मला कुऱ्हाडी कशाला असतात ते समजावलं होतं. दोघं बोलत नव्हते. बंदी अजून होतीच. हातातला दगड पुढच्याच्या हातात द्यायला बोलावं लागत नाही.

पौर्णिमेचं उधाण आलं तेव्हा मी बांधावर होतो. पाणी नव्या मातीला लागून वर चढत गेलं आणि वर चढता चढता थांबलं. मी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा चाललो ते आठवत नाही. सकाळी पाणी उतरलं तेव्हा बांध होता तिथेच होता.

साहेबांनी ऑफिसात पुन्हा तेच विचारलं, कापला की फुटला? मी लिहून दिलं की उघाडीची झडप न उघडल्याने आत साठलेल्या पाण्याच्या दाबामुळे बांध फुटला. झडप का उघडली नाही, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब, तिला कुणी हाक मारली नाही. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं की उन्हाचा परिणाम झालाय. पण त्यांनी सही केली आणि फौजदारांचा विषय संपला.

एक गोष्ट मात्र अडली. गावकीचा ठराव मोडायचा तर गावकीच बसायला हवी आणि केलेला ठराव उठवायला ती फक्त चैत्रात बसते, देवीच्या जत्रेला. तोवर बंदी चालू. आणि झडप, होड्या, मासळी यांचं रोज काही ना काही बोलणं निघणार होतं. हसूराम पाटील मला भेटायला पनवेलला आले. खुर्चीवर बसले नाहीत. चाचरत म्हणाले, "सायेब, ती काठी चैत्रापर्यंत राहू द्याल का?"

खात्याची काठी अशी देता येत नाही. मी ती खांडीच्या कामात मोडली असं स्टोअरला कळवलं. उघाडीच्या शेजारी ती रोवली गेली आणि दोन्ही गावांतली माणसं तिथे येऊन तिच्याशी बोलायला लागली. ओंडका घालायचा नाही, पण अमुक ओहोटीला तोंडावर जाळं लावायचं, हे तिथेच ठरलं. झडपेला कुलूप नाही, हेही. एका कोळणीने तर पापलेटाचा भाव काठीला सांगितला आणि घासाघीसही काठीनेच केली, असं गोविंद मला हसत हसत सांगत होता.

चैत्रात बंदी उठली. मी काठी परत न्यायला गेलो. उघाडीवर हसूराम पाटील आणि लडकू नाखवा उभे होते. मी म्हटलं, आता काय, बोला मोकळेपणाने. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. इतक्या महिन्यांत प्रथमच सरळ बघत असावेत. पाटलांनी घसा साफ केला. नाखव्यांनी खाडीकडे बघितलं. कुणाला काही सुचेना. मला तर तो अवघडलेपणा बघवत नव्हता. मी पाय बदलत उभा राहिलो.

शेवटी पाटलांनी हात पुढे केला आणि काठीवर ठेवला. नाखव्यांनीही दुसऱ्या बाजूने ठेवला. मग पाटील म्हणाले, "काठे, त्याला विचार, सून बाळंतपनाला माहेरी गेली का?" आणि नाखवा हसले आणि बोलायला लागले.

काठी मी तिथेच ठेवली. तोवर माझी समजूत होती की भांडणात मधला माणूस हुशार लागतो. पुढे बदलीच्या प्रत्येक गावी भांडणं होती आणि लोक मला मध्ये घालायचे, पण मी स्टाफ रोवायचो आणि हात वर करून लांब उभा राहायचो. खात्याच्या स्टोअरमध्ये माझ्या नावावर सगळ्यात जास्त मोडलेल्या काठ्या आहेत.